एका मशीनवर दोन प्रॉक्सी

अंजूर फाट्याच्या पुढे खाडीच्या बाजूला मी ज्या गोडाऊनमध्ये कामाला होते ते बाहेरून एकच दिसायचं, पण आत दोन कंपन्या होत्या. डाव्या अर्ध्यात औषधं, उजव्या अर्ध्यात कपडे. मध्ये पत्र्याची भिंत होती, पण ती छतापर्यंत गेलेली नव्हती. त्यामुळे कपडेवाल्यांची चिकटपट्टी ओढल्याचा आवाज औषधवाल्यांना ऐकू यायचा आणि औषधवाल्यांच्या थंड खोलीची घरघर कपडेवाल्यांना. माझी केबिन पोटमाळ्यावर होती. लोखंडी जिना चढून गेलं की एक टेबल, एक टेबलफॅन आणि टेबलाखाली एक मशीन. दोन्ही कंपन्यांचं इंटरनेट त्या एका मशीनमधून जायचं.

गोडाऊनचे मालक भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले. त्यांना सगळे चाचा म्हणत. आधी त्यांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता आणि माझे वडील तिथे लूम दुरुस्त करायचे. लूम विकले गेल्यावर चाचांनी हे गोडाऊन बांधलं आणि वडील खारबावला घरी बसले. मी डिप्लोमा करून ठाण्यात एका केबल टाकणाऱ्या फर्ममध्ये होते. चाचांनी एकदा वडिलांना फोन करून विचारलं, "तुझी मुलगी कंप्युटरचं करते ना? इकडे एवढं दूर जायचं कशाला?" मला खारबावहून शेअर रिक्षाने फाट्यापर्यंत येणं सोपं होतं. मी हो म्हणाले.

काम असं होतं. दोन्ही कंपन्यांच्या वरच्या ऑफिसांचा नियम होता की कामगारांच्या संगणकांवर फक्त ठरलेल्याच साइट उघडल्या पाहिजेत. त्यासाठी मध्ये एक प्रॉक्सी लागते. प्रॉक्सी म्हणजे एक प्रोग्राम. आतल्या संगणकाने एखादी साइट मागितली की ती मागणी आधी त्याच्याकडे येते, तो आपली यादी बघतो आणि मग पुढे पाठवतो किंवा नाही म्हणतो. औषधवाल्यांची यादी वेगळी, कपडेवाल्यांची वेगळी. शिवाय एकाची नोंद दुसऱ्याला दिसता कामा नये. खरं तर दोन मशीन हवी होती. पण चाचांचं म्हणणं होतं, "एकावर दोन्ही चालतंय ना? मग दुसरं कशाला?" आणि चालत होतंच. एकाच मशीनवर तोच प्रोग्राम दोनदा चालवता येतो, एक औषधांसाठी, एक कपड्यांसाठी.

हे सगळं माझ्या आधी एका एजन्सीने बसवलं होतं. त्यांनी जाताना स्क्रीनवर दोन बटणं ठेवली होती. एकाखाली लिहिलं होतं 'दवा', दुसऱ्याखाली 'कपडा'. कुणी नवी साइट मागितली की त्यांच्या यादीत ती लिहायची आणि त्यांचं बटण दाबायचं. तेवढ्याने प्रोग्राम थांबून पुन्हा सुरू होतो आणि नवी यादी वाचतो. बटण दाबलं की एक काळी खिडकी उघडायची, दोन-तीन ओळी सरकायच्या, खिडकी मिटायची.

औषधांच्या बाजूला एक फार्मासिस्ट मॅडम होत्या. त्याही भिवंडीतल्याच, कोकणी मुसलमान, वडिलांचे आणि काकांचे लूम होते. घरातल्या मुलींमध्ये डिग्री घेतलेल्या त्या पहिल्या, असं चाचा अभिमानाने सांगायचे, जरी त्यांचं चाचांशी काही नातं नव्हतं. मॅडम स्कूटरवरून यायच्या, पांढरा कोट घालायच्या आणि थंड खोलीच्या दारावरचं तापमान येता-जाता बघायच्या. बघायची गरज नसली तरी बघायच्या. जेवायला एकट्या बसायच्या. फार बोलायच्या नाहीत, पण बोलल्या की वाक्य पुरं करायच्या.

कपड्यांच्या बाजूला सुपरवायझर होते माझे भाऊजी. म्हणजे माझ्या मावसबहिणीचे यजमान. अंजूर गावातलेच. पूर्वी फाट्यावर रिक्षा चालवायचे, मग गोडाऊनं आली तशी लोडिंगला लागले आणि बोलण्यातल्या चपळाईने वर चढले. ऑनलाइन घेतलेले आणि परत पाठवलेले कपडे त्यांच्याकडे यायचे. ते उघडून, तपासून, स्कॅन करून पुन्हा बांधायचे. हाताखाली बायका जास्त होत्या आणि सगळ्यांना त्यांच्याविषयी माया होती. ते कुणाच्या घरी काय चाललंय हे विचारायचे, आणि विचारलेलं लक्षात ठेवायचे.

मी कामाला लागले तेव्हा आमचं नातं मी कुणापासून लपवलं नाही आणि कुणाला मुद्दाम सांगितलंही नाही. मी त्यांना सगळ्यांसमोर भाऊजीच म्हणायचे. गावाकडे अर्धे लोक अर्ध्यांचे भाऊजी असतात, म्हणून कुणाला काही वाटलं नसावं.

हळूहळू एक गोष्ट लक्षात यायला लागली. भाऊजींनी साइट मागितली की लगेच उघडायची. मॅडमनी मागितली की उघडायची नाही, आणि वर कपड्यांचं नेट बंद पडायचं. मी धावत कपड्यांचं बटण दाबायचे, ते चालू व्हायचं. मॅडमची साइट मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी, मशीन नव्याने सुरू केल्यावर उघडायची. मी यादी पुन:पुन्हा तपासली. यादीत चूक नव्हती. मला वाटलं, वीज वरखाली होते म्हणून असेल, किंवा उकाड्याने मशीन दमत असेल. चाचांना मी पुन्हा दुसऱ्या मशीनचं विचारलं. त्यांनी टेबलफॅनचं तोंड मशीनकडे वळवून दिलं.

त्यामुळे मॅडमना माझ्याकडून एकच उत्तर मिळायचं, "उद्या सकाळी होईल." आणि पत्र्याच्या भिंतीवरून त्यांना ऐकू यायचं की भाऊजींचं काम आत्ताच्या आत्ता झालंय. उलट भाऊजींना दिसायचं की मॅडम जिना चढून वर गेल्या की थोड्या वेळात आपल्या बायका स्कॅनर हातात धरून रिकाम्या बसतात.

मॅडमचं आणि भाऊजींचं आधीपासूनच एकमेकांशी फार बरं नव्हतं. समोरच्या अंगणात ट्रक लावायला जागा कमी होती. भाऊजींचे ट्रक आधी येऊन उभे राहायचे आणि मॅडमची थंड गाडी रस्त्यावर थांबायची. मॅडम खाली येऊन शांतपणे सांगायच्या, "ही गाडी उन्हात उभी राहू शकत नाही." भाऊजी म्हणायचे, "आमचीबी मानसं उन्हातच हायेत." दोघांचंही खरं होतं. गाडी शेवटी आत यायची, पण प्रत्येक वेळी कुणाला तरी ट्रक मागे घ्यावा लागायचा.

उन्हाळ्यात एका दुपारी ते सगळं एकदम वर आलं.

इन्सुलिनचा माल जायचा होता. थंड गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. औषध बनवणाऱ्या कंपनीने आपलं पोर्टल नव्या पत्त्यावर हलवलं होतं आणि त्या पोर्टलवरून नंबर घेतल्याशिवाय ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्याने न्यायचा सरकारी कागद, निघत नव्हतं. बिलाशिवाय गाडी कशेळीच्या पुढे नेणं धोक्याचं. मॅडम पांढऱ्या कोटातच वर आल्या. कोटात त्यांना मी वर आलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"ही साइट उघडून दे."

मी यादीत पत्ता लिहिला. म्हणाले, "मॅडम, लिहिलंय. पण उद्या सकाळी…"

"उद्या नाही. आत्ता."

"आत्ता केलं तर कपड्यांचं बंद पडतं कधी कधी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे तुला माहीत आहे."

"माहीत नाही. होतं असं. का होतं ते कळलेलं नाही."

"कर."

मी 'दवा'चं बटण दाबलं. खिडकी उघडली, मिटली. मॅडमनी तिथूनच खाली फोन लावला. साइट उघडली नव्हती. आणि पत्र्याच्या पलीकडे स्कॅनरचे आवाज थांबले.

भाऊजी जिन्याच्या निम्म्यावरच थांबून ओरडले, "झालं का बंद? मॅडम वर हायेत ना? मला म्हाईतच हाय."

मॅडम बाहेर आल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. खाली दोन्हीकडची माणसं जमली होती. लोडर, स्कॅनिंगच्या बायका, थंड गाडीचा ड्रायव्हर.

"माझं उघडलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमचं बंद पडलंय म्हणून मला काय मिळालं?"

"दुसऱ्याचं बंद झाल्याशिवाय तुम्हाला झोप लागत न्हाय."

"तुमची मेहुणी बसवलीय वर," मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मग आमचं काम उद्यावर आणि तुमचं आत्ता, हे होणारच."

खाली कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. त्या वेळी मला सुचलं ते मी केलं. मशीन पूर्ण बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं. दोन्ही बाजूंचं नेट गेलं, मग दोन्ही आलं. नवी साइटही उघडली. ड्रायव्हरने बिल घेतलं आणि गाडी निघाली. पण तोवर सगळे आपापल्या जागी गेले होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

संध्याकाळ व्हायच्या आत चाचा आले. दोघांना वेगवेगळं बोलावून ऐकून घेतलं, मग वर आले. जिना चढून त्यांना दम लागला होता. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले.

"मेरे को तुझ्यावर शक नाही," ते म्हणाले. "तुझा बाप माझ्याकडे एवढी वर्षं होता. पण दोन पार्ट्या बोलतायत. मला काहीतरी करायला पाहिजे, समजतंय ना?"

मी मान हलवली.

"केबिनची चावी दे. थोडे दिवस खाली कॅमेऱ्यांचं बघ. बाहेरचा माणूस बघेल हे."

मी चावी दिली. घरी मी काही सांगितलं नाही, पण आईच्या कानावर ताईकडून आधीच आलं होतं. ताई म्हणजे ती मावसबहीण, भाऊजींची बायको. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझी चूक हाय का न्हाय, तेवढं सांग." मी म्हटलं, "मला माहीत नाही." ती म्हणाली, "मग जेव." वडील टीव्हीकडे बघत होते, पण टीव्हीचा आवाज त्यांनी कमी केला होता.

बाहेरचा माणूस कल्याणचा होता. तो येऊन बघून गेला. त्या दिवशी सगळं चालूच होतं, त्यामुळे त्याला काही चूक सापडली नाही. त्याने कल्याणहूनच मशीन चालवता येईल अशी सोय केली. त्यानंतर काही दिवस सगळं सुरळीत गेलं, कारण मॅडमना नवी साइट लागलीच नाही. पण लोकांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. मी गेटजवळ कॅमेऱ्याच्या वायरी बांधत असायचे आणि येता-जाता लोडर म्हणायचे, "अब तो नेट एकदम मस्त चल रहा है." ते मला लागावं म्हणून म्हणत होते असं नाही. ते खरंच मस्त चाललं होतं.

मला त्या दिवसांत राग आला होता का, हे मी नंतर स्वतःला विचारलं आहे. आला होता, पण कुणाचा ते ठरत नव्हतं. मॅडमनी जे पाहिलं त्यावरून त्या तसंच बोलणार. भाऊजींनी जे पाहिलं त्यावरून ते तसंच. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हणाले असते. त्यामुळे रागाला कुठे टेकायला जागा नव्हती.

मग एका सकाळी मॅडमना पुन्हा एक साइट लागली. त्यांनी कल्याणला फोन केला. मला हे माहीत नव्हतं. मी गेटवरच्या शिडीवर होते, कॅमेऱ्याची काच पुसत होते. आतून भाऊजी तरातरा बाहेर आले. जिन्याकडे वळले, केबिनला बाहेरून कुलूप दिसलं तसे थांबले. मग त्यांनी अंगणभर नजर फिरवली आणि त्यांना मी शिडीवर दिसले, हातात फडकं. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग वळून आत परत गेले.

त्यांचं नेट बंद पडलं होतं. मॅडमची साइट उघडली नव्हती. या वेळी बटणाला माझा हात लागलेला नव्हता.

थोड्याच वेळात चाचांचा फोन आला की कल्याणवाल्याशी बोल. तो माणूस सरळ होता. म्हणाला, "ताई, मी औषधवाल्याला थांबवतो आणि थांबतो कपडेवाला. मला इथून नीट दिसत नाही. तुम्ही मशीनसमोर बसाल का?" चाचांनी वॉचमनकडे चावी दिली होती ती त्याने मला आणून दिली.

मी वर गेले. केबिनमध्ये धूळ बसली होती. कल्याणवाला फोनवर, मी मशीनवर. पहिल्यांदा मी ठरवलं की बटण दाबायचंच नाही. बटणामागे एजन्सीने काय लिहून ठेवलंय ते उघडून एकेक ओळ वाचायची. हे आधीही करता आलं असतं, पण दोन्ही कंपन्या चालू असताना मशीनला कुणी हात लावू द्यायचं नाही, आणि मी कामावर असेपर्यंत त्या चालूच असायच्या. आता दोन्हीकडून थांबून राहायची तयारी होती.

वाचताना मी त्याला फोनवर सांगत गेले. दोन प्रॉक्सी एका मशीनवर चालवायच्या तर दोघींचं सगळं वेगळं ठेवावं लागतं. आतले संगणक ज्या पोर्टवर, म्हणजे प्रोग्रामच्या ज्या दारावर, येऊन मागणी करतात तो पोर्ट वेगळा. तो वेगळा होता. पानं साठवायचं फोल्डर वेगळं. तेही होतं. नोंदींची फाईल वेगळी, ती होती. मग एक लहानशी फाईल असते. प्रोग्राम सुरू झाला की मशीन त्याला एक नंबर देतं, आणि प्रोग्राम तो नंबर त्या फाईलमध्ये लिहून ठेवतो. पुढे त्याला थांबवायचं असेल तर मशीन ती फाईल उघडतं, नंबर वाचतं आणि त्या नंबरच्या प्रोग्रामला थांबवतं.

ती फाईल दोघींची एकच होती.

"एकच?" कल्याणवाला म्हणाला. "मग दुसरी सुरू कशी होते? पहिलीचा नंबर बघून ती म्हणणार, मी आधीच चालू आहे."

तसंच झालं असणार. एजन्सीच्या माणसाला तो नकार आला असणार, आणि त्याने त्याच्यावर उपाय शोधला होता. बटणाच्या मागे एक ओळ होती: सुरू करण्याआधी ती फाईल पुसून टाक. पुसली की दुसरी प्रॉक्सी बिनतक्रार सुरू व्हायची आणि त्या जागी आपला नंबर लिहायची. सकाळी मशीन सुरू होताना आधी औषधांची सुरू व्हायची, मग कपड्यांची. त्यामुळे फाईलमध्ये दिवसभर कपड्यांचा नंबर. भाऊजींसाठी बटण दाबलं की कपड्यांची थांबायची आणि कपड्यांचीच सुरू व्हायची, सगळं बरोबर. मॅडमसाठी दाबलं की थांबायची कपड्यांची. औषधांची आधीपासून चालूच असल्यामुळे आणि तिचा पोर्ट तिनेच अडवलेला असल्यामुळे तिला पुन्हा सुरू करायचा प्रयत्न फसायचा, आणि ती जुन्याच यादीवर चालत राहायची. फसल्याचा निरोप त्या काळ्या खिडकीत यायचा आणि खिडकी मिटायची.

मी खात्री करून घेतली. फाईलमधला नंबर बघितला, चालू प्रोग्रामांमध्ये तो कुणाचा आहे ते बघितलं. कपड्यांचा होता. फोनवर त्याला तो नंबर वाचून दाखवला. मग तो म्हणाला, "जेवण झालं का तुमचं?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "मग आधी हे करू."

फार काही करायचं नव्हतं. दोघींना दोन वेगळ्या फाईल दिल्या. पुसायची ओळ काढून टाकली. थांबवताना आणि सुरू करताना कुठल्या प्रॉक्सीचं काम चाललंय ते तिच्या सेटिंगच्या फाईलसकट नावाने सांगायचं, असं लिहिलं. खिडकी आपोआप मिटणार नाही असं केलं. मग औषधांची थांबवली. औषधांचीच थांबली. सुरू केली, नवी यादी वाचून सुरू झाली. पलीकडे स्कॅनरचे आवाज चालू होते.

मी चाचांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मला नको सांगू, मला कळणार नाही. त्या दोघांना दाखव."

मी मॅडमना आणि भाऊजींना वर बोलावलं. भाऊजींनी निरोप पाठवला की माल उतरतोय. मॅडम आल्या. मी त्यांना जुन्या ओळी दाखवल्या, आता काय केलंय ते दाखवलं, आणि त्यांच्यासमोर औषधांची प्रॉक्सी थांबवून सुरू केली. त्यांनी मध्येच थांबवून एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे मी जेव्हा जेव्हा काम सांगितलं, तेव्हा त्यांचं खरंच बंद पडत होतं?"

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

त्या खुर्चीवर बसल्या. "मला वाटायचं ते बहाणा करतात," त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्या जुन्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. उठताना म्हणाल्या, "तुझ्याबद्दल मी सगळ्यांसमोर बोलले. आता हे सगळ्यांसमोर सांगायला मला जमणार नाही. मी चाचांना सांगेन." आणि त्यांनी सांगितलं. चावी माझ्याकडेच राहिली.

मला वाटलं होतं, इथे विषय संपेल. मशीनचा संपला. त्यानंतर ती दोन्ही बटणं कधी चुकली नाहीत. पण मॅडम आणि भाऊजी बोलायला लागले नाहीत. अंगणात गाडीची जागा आता ते लोडरकरवी मागायचे. मॅडमचा माणूस भाऊजींच्या माणसाला सांगायचा, भाऊजींचा माणूस ट्रक मागे घ्यायचा. काम अडत नव्हतं. उलट आधीपेक्षा लवकर व्हायचं.

भाऊजींचा राग मात्र मॅडमवरून माझ्यावर आला होता. ते मला त्यांच्या घरी कळलं. अंजूरला त्यांच्या पुतणीच्या साखरपुड्याला आम्ही सगळे गेलो होतो. बुद्धविहाराच्या समोर मांडव घातला होता, वंदना झाली, जेवणं चालली होती. मी पाण्याचा जग घेऊन फिरत होते. भाऊजी एका कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं.

"त्या बाईला वर बोलावून समजावून सांगितलंस म्हनं," ते म्हणाले.

"तुम्हालाही बोलावलं होतं, भाऊजी."

"मी कशाला येऊ? माझी चूक हाय का?"

"कुणाचीच नव्हती."

"तेच," ते म्हणाले. "तेच तू तिला सांगितलंस. कुनाचीच न्हाय. ती भर लोकांत माझ्या तोंडावर बोलली, तुझ्यावर बोलली, आन तू सांगतेस कुनाचीच न्हाय. तू आपल्या मानसाच्या बाजूनं एक शबुद बोलली असतीस तर?"

माझ्याकडे उत्तर होतं. बाजू घेण्यासारखं काही नव्हतं, मशीन तसं बसवलेलं होतं, हे उत्तर. पण ते त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतं. मी जग घेऊन पुढच्या पंगतीकडे गेले. त्यानंतर बरेच महिने ताई आमच्या घरी आली नाही. आईला फोन करायची, माझी चौकशी करायची नाही. आई मला तसं सांगायची नाही, पण फोन ठेवल्यावर मला काही निरोप नसायचा, त्यावरून कळायचं.

गोडाऊनमध्ये मात्र ते माझ्याशी नीट बोलायचे. "जरा ही साइट उघड," "हो, उघडली," एवढं.

पुढच्या वर्षी कपडेवाल्यांनी कशेळीकडे मोठं गोडाऊन घेतलं आणि भाऊजी तिकडे गेले. त्यांच्या जागी खेळणीवाले आले. त्यांच्या मॅनेजरने पहिल्याच दिवशी विचारलं, "हमारा अलग रहेगा ना? कोई दिक्कत तो नहीं?" मी म्हटलं, वेगळंच राहील. कपड्यांची प्रॉक्सी मी लगेच काढली नाही, त्यांचा काही हिशेब राहिला होता. म्हणून थोडे दिवस त्या मशीनवर तीन चालू होत्या. तिघींचा पोर्ट, फोल्डर, फाईल, सगळं वेगळं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मॅडम एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "नवीन पार्टी आली तरी काही आवाज नाही." मी म्हटलं, "नाही." त्या हसल्या आणि थंड खोलीकडे गेल्या. पुढे त्यांना ठाण्याच्या ऑफिसात घेतलं. जायच्या दिवशी त्यांनी घरून केलेल्या सांदणांचा, तांदळाच्या वाफवलेल्या गोड वड्यांचा, डबा माझ्या टेबलावर ठेवला होता. मी खाली येईपर्यंत त्या निघून गेल्या होत्या.

यंदा पावसाळ्याच्या आधी भाऊजींचा फोन आला. नव्या जागी त्यांना स्वतःचं वेगळं मशीन मिळालं होतं, पण नेट फार हळू चालत होतं. "तू बघून जाशील का? कंपनीचा मानूस येतो आन जातो, समजत काय न्हाय." मी एका रविवारी गेले. दोष त्यांच्या मशीनचा नव्हता, बाहेरून येणाऱ्या लाइनचाच होता. कुणाला फोन करायचा आणि काय सांगायचं ते मी त्यांना लिहून दिलं. ते म्हणाले, "आता आलीच हायेस तर घरी चल."

ताईने दारातच विचारलं, "सुकट चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. तिची मुलगी बारावीला बसणार होती आणि तिला कॉम्प्युटरकडे जायचं होतं. भाऊजींना ते पटत नव्हतं, ताईला पटत होतं. जेवताना त्यावर दोघांचं थोडं झालं. मुलीने माझ्याकडे बघून विचारलं, "मावशी, डिप्लोमा करू का डिग्री?" मी तिला दोन्हीचं काय-काय होतं ते सांगितलं. भाऊजी भाकरीचा तुकडा मोडत ऐकत होते. मध्येच म्हणाले, "खारबावला जायला तुला उशीर होईल, मी सोडतो." मग पुन्हा मुलीकडे वळून म्हणाले, "विचार तिला, होस्टेलला राहावं लागतं का."